लग्नाचे सोने: नवे घ्यावे की मोड वितळवावी?

साखळीकर:
तुळशीचे लग्न झाले की सोनाराकडे रांगा लागतील. माझे मत स्पष्ट आहे: घरातली जुन्या दागिन्यांची मोड देऊन दागिना घडवावा, नवे घ्यायचेच तर कुठल्या खाणीतले ते विचारावे. घाना, पेरू, इंडोनेशियात गरीब माणसे सोने कसे काढतात बघा. दगड कुटून त्यात पारा कालवायचा. पारा सोन्याचे कण धरतो. फडक्यातून पिळले की राखाडी गोळा उरतो, तो उघड्यावर तापवला की पारा उडतो आणि सोने राहते. पुष्कळदा हे घराच्या परसातच चालते, पोरे शेजारी खेळत असतात. वाफ श्वासातून रक्तात जाते. हात थरथरू लागतात, झोप उडते, मूत्रपिंडे बिघडतात. माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी एक तृतीयांशाहून जास्त या धंद्यातून जातो, असे संयुक्त राष्ट्रांचा 2018 चा अहवाल सांगतो.

म्हापशेचा सोनार:
विचाराल, पण उत्तर कोण देणार? हॉलमार्क शुद्धता सांगतो, खाण सांगत नाही. रिफायनरीत दहा ठिकाणचे सोने एकत्र वितळते. शिवाय ती माणसे हौसेने पारा हाताळत नाहीत. त्यांचे पोट त्यावर आहे. 2012 साली आपल्या गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकवाल्यांच्या घरी काय झाले, हे साखळीच्या माणसाला मी सांगायला नको. आणि मोठ्या कंपन्या कुठे धुतल्या तांदळासारख्या आहेत? 2000 च्या जानेवारीत रोमानियात बाया मारे इथे सोन्याच्या कारखान्याचा बांध फुटला, सोने काढायला वापरलेले सायनाइडचे विषारी पाणी नदीत गेले आणि पार हंगेरीपर्यंत मासळी मेली.

साखळीकर:
मोठ्यांचा गुन्हा दाखवून लहानांचे विष कमी होत नाही, शेट. दोन्ही एकत्र आले तर आणखी वाईट. पारा लागलेल्या मातीवरच पुन्हा सायनाइड ओतून उरलेसुरले सोने काढतात, तेव्हा पारा पाण्यात विरघळून दूरवर जातो. पाऱ्याला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने ही पद्धत बंद करायला सांगितली आहे. भारतही 2018 पासून त्या करारात आहे.

मडगावची वहिनी:
तुम्ही दोघे खाणीवरच अडलात. वाफ झालेला पारा महिनोन्महिने हवेत फिरतो, कुठल्या तरी समुद्रात उतरतो. तिथले जिवाणू त्याचे मिथाइल पारा हे आणखी घातक रूप करतात. लहान मासा मोठ्याच्या पोटात, असे करत तो मोरीसारख्या (शार्क) मोठ्या माशात साठतो. आपल्याकडे रोज माशाचे हुमण (आमटी) लागते. जपानात मिनामाताला कारखान्याचा पारा समुद्रात गेला होता. तिथे आया वरवर ठीक होत्या, पोरे मात्र अपंग जन्मली. म्हणून गरोदर सुनेला मी तारली-बांगडा वाढते, मोरी नाही. पण सोने घेणे बंद करा हे मला पटत नाही. बंद डब्यात गोळा तापवून वाफ थंड केली की बहुतेक पारा परत मिळतो. फिलिपिन्समध्ये काही जण पाऱ्याऐवजी टाकणखार वापरतात. ते त्यांना शिकवायला पैसा लागतो, बहिष्काराने तो येत नाही.

म्हापशेचा सोनार:
वहिनी, हे मला मान्य. टाकणखार आमच्या मुशीजवळ रोज असतो. सराफांनी आणि रिफायनरींनी मिळून त्या डब्यांचा खर्च उचलावा, घडणावळीत चार रुपये वाढले तरी चालतील.

साखळीकर:
ते चार रुपये तिथे पोचले, हे गिऱ्हाइकाने कसे तपासायचे? खाण सांगता येत नाही असे तुम्हीच वर म्हणालात. ते सांगता येईपर्यंत आमच्या घरचे मंगळसूत्र आजीच्या पाटल्यांतूनच घडेल.