अनुभव धागा: चुनिन परीक्षा – काहीतरी शिजतंय हे तुम्हाला कुठे कळलं?

धागाकर्ती

नारुतो, म्हणजे निन्जा पोरांची ती जपानी मांगा (कॉमिक) किंवा तिचं ॲनिमे (कार्टून मालिका), वाचलेल्या किंवा बघितलेल्या सगळ्यांना आमंत्रण. 1999 ते 2014 अशी पंधरा वर्षं चाललेली, 700 चॅप्टर आणि 72 खंडांची गोष्ट आहे, त्यामुळे स्पॉयलर मिळाला म्हणून कोणी ओरडू नका, नसेल वाचली तर इथूनच मागे फिरा.

विषय एकच, चुनिन परीक्षा, म्हणजे गेनिन (सगळ्यात खालच्या दर्जाचे निन्जा) पोरांना चुनिन या वरच्या दर्जावर नेणारी परीक्षा. वरवर बघितलं तर साधी टुर्नामेंट: पोरं जमतात, लेखी परीक्षा, जंगल, मग एकास एक लढती. पण लेखक-चित्रकार मासाशी किशिमोतोने त्या टुर्नामेंटच्या पोटात एक आख्खं आक्रमण लपवलंय आणि ती टुर्नामेंट शेवटपर्यंत पूर्ण होतच नाही, विजेता कोण ते आजतागायत कोणाला माहीत नाही. तर सांगा, ही नुसती परीक्षा नाही हे तुम्हाला कधी जाणवलं, कुठे होतात, कोणाबरोबर बघत होतात, सगळं लिहा, फापटपसारा चालेल.

माझं सांगते. जंगलातून वाचून आलेली पोरं टॉवरमध्ये रांगेत उभी असतात आणि म्हातारा तिसरा होकागे (नारुतोच्या गावाचा, कोनोहाचा प्रमुख) पाइप ओढत शांतपणे सांगतो की ही परीक्षा म्हणजे मित्रदेशांमधल्या युद्धाची छोटी आवृत्ती आहे. इथे ज्याची पोरं भारी, त्याच्या गावाला जास्त कामं मिळणार, ज्याची पडली त्याचा भाव पडणार. तोपर्यंत मी नारुतो-सासुकेची चढाओढ बघत होते, कोण पुढे कोण मागे, आणि हे वाक्य आलं तेव्हा म्हटलं, अगं ही बारा-तेरा वर्षांची पोरं आहेत आणि हे लोक त्यांच्यावर राजकारण खेळतायत. ते सगळं उघड सांगून टाकलंय, आणि तरी आपण पुढच्या लढतींच्या नादात विसरून जातो!

गणिताच्या बाई

मी आठवी ते दहावीचे क्लास घेते. मुलांनी डोकं खाल्लं म्हणून बघायला घेतलं आणि थेट लेखी परीक्षेचाच भाग लागला. आता मला कॉपी पकडायची इतकी वर्षांची सवय, मी त्या परीक्षकांसारखीच बसले वही घेऊन. नियम काय, तर पाच वेळा पकडलं गेलात तर बाद, म्हणजे चार वेळा चालतं! तिथेच मला शंका आली की हे लोक कॉपी करायलाच सांगतायत. आणि मग एकेकाच्या युक्त्या बघा, शिनोचे किडे, किबाचा कुत्रा डोक्यावर बसून दुसऱ्यांचे पेपर बघून सांगतोय, तेनतेनने छतालाच आरसे लावलेत, सासुके पुढच्या मुलाच्या पेन्सिलीची हालचाल शारिंगनने (त्याच्या घराण्याची डोळ्यांची शक्ती) उचलतोय, आणि वाळूच्या गावचा तो कांकुरो, त्याची तर बाहुलीच परीक्षक म्हणून उभी आहे. मी एकटीच खो खो हसत होते. साकुराने मात्र सगळं स्वतः सोडवलं, त्याचं कौतुक कोणीच करत नाही, मी करते.

हिनाता आपला पेपर नारुतोसमोर सरकवते ना, ते मला फार आवडलं. तिला स्वतःची काळजी नाही, आणि नारुतो घेत नाही कारण ती पकडली जाईल. पेपर कोरा राहिला तरी चालेल. पण वास तिथे आला नाही हं. वास आला त्या दहाव्या प्रश्नाला. परीक्षक इबिकी म्हणतो, प्रश्न घ्या आणि चुकलात तर आयुष्यभर गेनिन, नको असेल तर आत्ताच उठा, पण मग तुमच्याबरोबर तुमची टीमही बाद. मुलं भराभर उठून जातात. नंतर तो डोक्यावरचा रुमाल काढतो आणि खाली सगळ्या जखमा, भाजल्याचे डाग, स्क्रूची भोकं. ज्या माणसाने इतका छळ सोसलाय तो या मुलांना परीक्षेच्या नावाखाली कशासाठी तयार करतोय, असं वाटून मी व्हिडिओ थांबवला आणि चहा ठेवला. मला वाटलं लहान मुलांचं कार्टून आहे!

निंबूटिंबू

दुसऱ्या फेरीची परीक्षक आन्को नारुतोच्या गालाला कुनाई (निन्जाचा छोटा सुरा) मारते आणि एक बाई लांबलचक जिभेने ती कुनाई परत आणून देते. एवढं पुरेसं होतं. अशी जीभ असलेलं माणूस परीक्षेला बसायला येत नाही.

कबड्डीवाला, सांगली

लिहू का नको करत होतो. माझं वास कधी आला वगैरे काही नाही, मला एकच लढत आठवते, रॉक ली विरुद्ध गारा.

मी कबड्डी खेळायचो, तालुक्यापर्यंत नाव होतं, मग एका चढाईत गुडघ्याचा लिगामेंट गेला. ऑपरेशन झालं, घरी पाय उशीवर ठेवून पडलेलो, धाकट्या भावाने मोबाइल हातात दिला की दादा हे बघ, तुझ्यासारखाच एक येडा आहे यात. लीला निन्जुत्सु (निन्जांची विद्या) येत नाही, गेनजुत्सु (भ्रमविद्या) येत नाही, नुसतं अंगमेहनतीवर चाललंय. आणि समोर वाळूच्या गावचा गारा, तो जागचा हलत नाही, वाळूच सगळं अडवते. मग लीचे गुरू गाय सर वरून ओरडतात, काढ ती वजनं. ली पायातली वजनं काढून सोडतो आणि ती खाली पडतात तर फरशी फुटून धूळ वरपर्यंत उडते, वर उभे असलेल्यांचे चेहरे बघा त्या वेळी. मी त्या गुडघ्यासकट उठून बसलो, आई आतून ओरडली काय झालं म्हणून.

मग तो अंगातल्या ताकदीचे पाच दरवाजे उघडतो, अंग लाल होतं, स्नायू फाटतायत, आणि तरी हरतो. हरतो म्हणजे कसं, वाळू त्याचा हात आणि पाय चिरडते. गारा पुढे मारायला जातो तर गाय सर मध्ये येतात. आणि ली बेशुद्ध आहे तरी उठून पवित्रा घेऊन उभा राहतो. भाऊ म्हणाला, दादा रडतोयस का? म्हटलं डोळ्यात काहीतरी गेलंय. तो म्हणाला, वाळू गेली असेल.

मला राग गाराचा नाही आला. राग आला परीक्षा घेणाऱ्यांचा, की हा पोरगा माणसं मारतो हे दिसत होतं ना, जंगलातून त्याची टीम 97 मिनिटांत बाहेर आली, अंगावर ओरखडा नाही. मग का उभं केलं त्याच्यासमोर. आता मी पोरांना शिकवतो, मॅटवर जो सांगूनही थांबत नाही त्याला मी बाहेर बसवतो, खेळ कितीही चांगला असो.

धागाकर्ती

@कबड्डीवाला, दादा छान लिहिलंत. भावाला सांगा त्याच्या विनोदाला पूर्ण मार्क.

माजघर

मी नेजी आणि हिनाताबद्दल लिहिणार. आमचं मोठं एकत्र कुटुंब, वाड्यात थोरली पाती धाकटी पाती, कोणाच्या मुलांनी आधी जेवायचं इथपर्यंत नियम होते, त्यामुळे या दोघांचं ह्युगा घराणं मला समजावून सांगावं लागलं नाही. मूळ घर आणि शाखा घर. शाखेतल्या मुलाच्या कपाळावर शिक्का, मूळ घरातल्या कोणीही मनात आणलं तर त्याचा मेंदू जाळू शकतो. नेजीला तो शिक्का चार वर्षांचा असताना बसला, हिनाताच्या तिसऱ्या वाढदिवसाला. वाढदिवसाला! मोठ्यांच्या घरचा सोहळा आणि धाकट्यांच्या घरात तो दिवस असा.

मग तो तिच्यावर सगळा राग काढतो ती लढत. आपण हिनाताच्या बाजूने असतो, मीही होते, पण मला नेजीचं म्हणणं खोटं वाटलं नाही. त्याचे वडील भावाच्या जागी मेलेत. रक्त ओकत ती म्हणते की माझ्यापेक्षा तूच जास्त तडफडतोयस, आणि तिथे तो चिडून तिला मारायला धावतो कारण ते खरं असतं. माझ्या चुलत बहिणीशी मी कित्येक वर्षं बोलत नव्हते, ते का हे इथे सांगत नाही, पण त्या भागानंतर तिला फोन केला. तिला नारुतो वगैरे काही माहीत नाही, म्हणाली आज कशी काय आठवण झाली. म्हटलं अशीच.

नारुतो नेजीला हरवतो ते ठीक आहे, पण मला त्याच्या नंतरचा सीन जास्त महत्त्वाचा वाटतो. हियाशी, घराण्याचा प्रमुख, पुतण्यासमोर गुडघे टेकून डोकं खाली घालतो. आमच्याकडे असं कोणी थोरला करणार नाही.

चष्मेवाला सिनियर

काबुतो!! कोणीच कसं लिहिलं नाही. मी होस्टेलला असताना वाचलं, आणि आमच्याकडे अगदी असाच एक सिनियर होता, सगळ्यांना नोट्स देणारा, कोणत्या सरांचा पेपर कसा येतो सांगणारा, स्वतः मात्र वर्षानुवर्षं तिथेच. काबुतो सातव्यांदा परीक्षेला बसलेला, माहितीची कार्डं घेऊन फिरतो, सासुकेला गाराची आणि लीची माहिती काढून देतो. पहिल्या वाचनात वाटलं बिचारा. ध्वनीच्या गावची पोरं त्याला मारतात, चष्मा फुटतो, ओकतो, आणखी बिचारा. मग जंगल संपल्यावर तोच ओरोचिमारूला (आक्रमणामागचा खलनायक) रिपोर्ट देताना दिसतो आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण दुसऱ्यांदा मागे जाऊन वाचलं तर सगळं दिसत होतं, एवढी माहिती कोणा नापास गेनिनकडे कशी असेल? आणि पुढच्या लढतींमधून तो हात वर करून माघार घेतो, थकलोय म्हणे.

आमच्या सिनियरचं काही निघालं नाही, तो खरंच चांगला होता, नंतर बँकेत लागला. पण वर्षभर मी त्याच्याकडे संशयाने बघत होतो.

आळशी शोगीपटू

शिकामारूने वाळूच्या गावच्या तेमारीला सावलीत पकडली, दोनशे चाली पुढचा विचार केला, जिंकत आला, आणि म्हणाला मी हरलो, चक्रा (अंगातली शक्ती) संपत आला, कंटाळा आला. आणि सगळ्या परीक्षेत चुनिन झाला कोण? फक्त हाच. ऑफिसात प्रमोशनच्या वेळी मला याची फार आठवण येते. माझं झालं नाही ते सोडा.

भाचा आणि आजी, कंपनी

आमच्या घरचा किस्सा. सोनी ये वर हिंदीत लागायचं तेव्हा माझा भाचा आणि माझी आई (त्याची आजी) एकत्र बघायची, कारण रिमोट भाच्याकडे आणि सोफा आजीचा. अंतिम लढतींच्या वेळी वरच्या गॅलरीत होकागेच्या शेजारी वाळूच्या गावचा काझेकागे बसतो, तोंडावर फडकं. आजीने बघितल्या बघितल्या विचारलं, "काय रे, हा तोंड झाकून का बसलाय?"

भाचा, "अगं आजी, तो काझेकागे आहे, तिकडचा राजा."

"राजा असू दे. हा तो नाहीये."

"तुला काय माहीत?"

"मी इतकी वर्षं सीरियल बघते. तोंड झाकलेला माणूस बदललेलाच असतो."

"मग काकाशी सर? ते पण झाकतात."

"त्यांचा तो एक डोळा हसतो की."

मग आकाशातून पिसं पडायला लागली, सगळे प्रेक्षक झोपले, धूर झाला, आणि काझेकागेचा चेहरा निघाला तर आत ओरोचिमारू. भाचा उडालाच. आजी शांतपणे म्हणाली, आता चहा टाक. खरा काझेकागे त्याने आधीच मारलाय हे नंतर कळतं, म्हणजे जे वाळूचे लोक कोनोहाला फसवायला आले होते ते स्वतःच फसलेले. आजीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, असंच होतं रे.

पण छपरावरची लढत तिला बघवली नाही. जांभळ्या भिंतींच्या आत म्हातारा गुरू आणि त्याचा एकेकाळचा सगळ्यात हुशार शिष्य. होकागेला आठवतं की आईबापाच्या थडग्यापाशी ते लहान पोर उभं होतं आणि तिथे पांढऱ्या सापाची कात सापडली होती. आणि वर्षांपूर्वी त्याला चोरून प्रयोग करताना पकडलं तेव्हा मारायची संधी होती, हात उचलला नाही. आजी शिक्षिका होती, बत्तीस नंबरच्या शाळेतली, तिने एवढंच विचारलं, "मेला का तो?" होकागे मरतो, पण जाताना शिष्याचे दोन्ही हात निकामी करून जातो, हातच नाहीत म्हणजे मुद्रा नाहीत, मुद्रा नाहीत म्हणजे विद्या नाही. आजी उठून आत गेली. भाच्याने दुसऱ्या दिवशीचा भाग एकट्याने बघितला.

सध्या ओसाका

मी नोकरीनिमित्त जपानमध्ये आहे. इथून आवाजी बेटावर नारुतोचं पार्क आहे, 2019 ला सुरू झालं, बेटाच्या दक्षिण टोकाला नारुतोच्या सामुद्रधुनीतले भोवरे आहेत, ते बघायला बोट जाते. ऑफिसातल्या एका काकांना मी ओरोचिमारू, जिराया, त्सुनादे या नारुतोतल्या तिघा निन्जांबद्दल विचारलं तर ते म्हणाले अरे हे तर जुनं आहे, एडो काळातल्या कथेत बेडूकवाला, सापवाला आणि गोगलगायवाली असे तिघं आहेत, काबुकीतही येतात. म्हणजे जपानी वाचकाला ओरोचिमारू हे नाव ऐकलं की साप येणार, वाईट होणार हे आधीच ठाऊक. त्याला वास घ्यायची गरजच नाही, तो वाट बघत बसतो. मला हेवा वाटला.

आणखी एक, किशिमोतोचा जुळा भाऊ सेईशी, तोसुद्धा मांगाकार आहे. एकाच घरात दोघं तेच काम करणारे. नारुतो-सासुके वाचताना हे डोक्यात ठेवून बघा.

तेनतेन फॅन क्लब (सदस्य: मी)

सगळे रडून झालं असेल तर जरा तक्रार. तेनतेन विरुद्ध तेमारी ही लढत मांगात दाखवलीच नाही! थेट निकाल, ती तेमारीच्या मिटलेल्या पंख्यावर पाठीवर पडलेली. ॲनिमेत थोडी दाखवली, उपकार. साकुरा आणि इनोची लढत बरोबरीत सुटली, ती मला आवडते कारण दोघी मैत्रिणी होत्या आणि एका पोरासाठी तुटल्या, आणि ते पोर तेव्हा मानेवर ओरोचिमारूचा चावा घेऊन वेगळ्याच विचारात. सासुके गाव सोडणार हे मला त्या चाव्याच्या दिवशी नाही कळलं, जंगलात शुद्धीवर येऊन त्या झाकूचे हात पिरगाळताना तो हसतो तिथे कळलं. साकुरा मागून मिठी मारून थांबवते म्हणून थांबतो. पुढच्या वेळी ती थांबवू शकणार नाही हे तिथेच लिहिलंय.

आणि शेवटची तक्रार, शिनो. अंतिम फेरीत त्याची लढत कांकुरोशी, कांकुरोला बाहुलीचं गुपित फोडायचं नव्हतं म्हणून त्याने आधीच माघार घेतली, शिनो तसाच उभा. मग आक्रमण सुरू झालं, सगळे गाराच्या मागे, आणि हा गडी कांकुरोला जंगलात गाठून म्हणतो आपली लढत राहिली होती. तिथे त्याला हरवतो, बघायला कोणी नाही, पंच नाही. धागाकर्ती म्हणतात त्या परीक्षेचा विजेता ठरला नाही. माझ्या मते ठरलाय, शिनो, आणि यावर मी वाद घालायला तयार आहे.