मदत हवी आहे: विनिपेगहून चर्चिलला किराणा कसा मागवावा?

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही यंदा कॅनडातल्या चर्चिलला आलो. मॅनिटोबा प्रांताच्या उत्तर भागात, हडसन उपसागराच्या काठावर जेमतेम ९०० वस्तीचं हे गाव. सध्या ध्रुवीय अस्वलांचा हंगाम आहे. उपसागर गोठला की ती सीलच्या शिकारीला बर्फावर जातात, तोवर गावाच्या आसपास वावरतात. कुणाला पटकन आत शिरता यावं म्हणून इथे बरेच लोक गाडीची दारं उघडी ठेवतात. हॅलोवीनच्या रात्री मुलं घरोघर फिरतात, तेव्हा गस्त असते. माझी मुलगीही गेली होती. त्या गस्तवाल्यांचे फार उपकार वाटले.

आता मुख्य अडचण. इथे रस्ता येत नाही, फक्त रेल्वे आणि विमान. विनिपेगहून रेल्वेला साधारण दोन दिवस लागतात. २०१७ च्या पुरात रूळ वाहून गेले, तेव्हा गाडी दीड वर्ष बंद होती. म्हणून थंडी वाढण्याआधी साठा करायचा आहे.

विनिपेगमधल्या किंवा अशाच थंड, आडगावी राहिलेल्या कुणी सांगाल का: उणे वीस-पंचवीसमध्ये लोणच्याच्या काचेच्या बरण्या तडकतात का? गोठलेला कढीपत्ता वाटेत वितळून पुन्हा गोठला तर वापरता येतो का? डाळी, पोह्यांची काळजी नाही. पण लेकीला रोज वरणभाताबरोबर लोणचं लागतं.

विनिपेगमधलं खात्रीचं, सामान नीट बांधून देणारं दुकान माहीत असेल तर तेही कळवा, प्लीज.