कृत्रिम पाय बसवलेल्या सीएनसी ऑपरेटरला परत मशीनवर घेताना काय काय करावं?

शिरोली_एचआर
शिरोली एमआयडीसीतलं मशीन शॉप, एकूण 64 माणसं. सीएनसी टर्निंगच्या (संगणकावर चालणाऱ्या लेथच्या) एका ऑपरेटरचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पहिल्या पाळीला येताना हायवेवर अपघात झाला होता. आता कृत्रिम पाय बसलाय, फिटनेस सर्टिफिकेट आहे, त्याला त्याच मशीनवर यायचंय. मालक म्हणतात, गेटवर बसवू आणि पगार त्या हिशोबानं देऊ. कायद्यात बसतं का हे? मशीनवरच घेतलं तर नेमकं काय बदलायचं आणि खर्च कुणी करायचा?

कायदेकानू
मालकांना कागदावर दाखवा, तोंडी सांगून उपयोग नाही.

आधी एक गैरसमज काढतो. "नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पगारश्रेणी तीच ठेवावी लागते" हे दिव्यांग हक्क अधिनियम 2016 चं कलम 20(4). ते सरकारी आस्थापनेसाठी आहे, खासगी कारखान्याला थेट लागत नाही. व्हॉट्सअॅपवर उलटं फिरतं, ते वाचून नोटीस काढू नका, तोंडावर पडाल.

पण म्हणून मालक मोकळे होत नाहीत. अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करायला कलम 3(3) मनाई करतं, आणि वाजवी सोय (काम करता यावं म्हणून लागणारे बदल) नाकारणं हाही भेदभावच, असं व्याख्येतच लिहिलंय. 2017 च्या केंद्रीय नियमांत नियम 3 बघा. 20 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेकडे तक्रार आली तर प्रमुखानं एकतर कारवाई करायची, नाहीतर आपला निर्णय कसा योग्य आहे ते लेखी द्यायचं. "मशीनवर जमणार नाही" हे चाचणी न घेता लेखी द्यायची मालकांची तयारी आहे का, विचारा. खर्चाचं उत्तरही तिथंच आहे: सोयीचा खर्च, पूर्ण असो वा थोडा, कामगाराच्या गळ्यात घालता येत नाही.

आणि तुमचं समान संधी धोरण आहे का? कलम 21 नुसार ते लागतं. वेबसाइट नसेल तर दर्शनी जागी लावायचं आणि प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे नोंदवायची. 20 किंवा जास्त माणसं असतील तर संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. नसेल तर आधी ते करा, कारण तक्रार गेली की पहिला कागद तोच मागतात.

टूलरूम_गोशि
कायदा झाला, आता मशीनकडे या.

कृत्रिम पायाला जमीन कळत नाही. कूलंट (मशीनचं थंड करायचं पाणी) सांडलंय की बरी (धातूचा कीस) पडलीय हे आपल्याला तळव्यातून समजतं, त्याला घसरल्यावर समजणार. मशीनपुढे जाळीची रबर मॅट टाका, कडा उताराच्या घ्या, नाहीतर तिलाच अडखळेल. कूलंटची गळती आधी काढा, मॅट हा त्यावरचा इलाज नव्हे.

दुसरं, सेफ्टी शू. हे हमखास चुकतं. कृत्रिम पाय एका ठरावीक टाचेच्या उंचीला धरून जुळवलेला असतो. स्टोअरमधला जाड टाचेचा बूट दिला की गुडघा पुढं ढकलला जातो. माणूस म्हणतो पाय दुखतोय, आणि सगळे म्हणतात पायच नीट बसला नाही. नवा बूट पाय बनवणाऱ्याकडे नेऊन जुळवणी तपासून घ्या.

खुंटाचा (कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाचा) आकार दिवसभरात बदलतो. घामानं कातडी सोलवटते, त्यात उन्हाळ्यात पत्र्याचं शेड. दर दोन तासांनी दहा मिनिटं, बसून सॉकेट (खुंट बसतो ती वाटी) काढायला, मोजा बदलायला आडोशाची जागा द्या. जखम झाली तर पाय घालताच येत नाही, म्हणजे ती दहा मिनिटं वाचवून आठवडाभराची रजा ओढवून घ्याल.

शेडच्या दारात पायरी असेल तर उतार 1:12. सहा इंची पायरीला सहा फूट लांब, रुंदी 1200 मिमी, दोन्हीकडे कठडा.

ईएसआय_खिडकी
कामावर येतानाचा अपघात वेळ, ठिकाण आणि कामाशी संबंध दाखवता आला तर कामावरचाच धरतात. अपघाताचा अहवाल ईएसआयकडे (कामगार राज्य विमा) दिलाय ना? नसेल तर उशिराचं कारण लिहून आजच द्या. कायमच्या अपंगत्वाचा लाभ मेडिकल बोर्ड ठरवतं, तो पगाराच्या वर वेगळा मिळतो. ते कारण सांगून पगार कापू नका. पगार 21,000 च्या वर गेला म्हणून ईएसआयमधून नाव काढू नका, दिव्यांगांना मर्यादा 25,000 आहे.

यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, तपासणी सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय). त्यावरची टक्केवारी आणि बोर्डाची टक्केवारी वेगळी असते, जुळत नाही म्हणून भांडत बसू नका.

शिरोली_एचआर
सगळ्यांचे आभार. चकचं (जॉब धरणाऱ्या पकडीचं) पेडल उजव्या पायाला आहे. डावीकडे सरकवलं की झालं ना?

टूलरूम_गोशि
थांबा दादा, तिथंच फसतंय. डाव्या पायानं पेडल दाबायचं म्हणजे तेवढा वेळ सगळं वजन कृत्रिम पायावर, आणि हातात जॉब (मशीनवर लावायचा भाग). तोल गेला की पेडल नको तेव्हा दाबलं जातं आणि बोट चकच्या जबड्यात. उजवीकडे ठेवलं तर पाय पेडलवर आहे की नाही हेच कळत नाही.

हलका जॉब असेल तर पॅनेलजवळ हाताचं बटण काढून घ्या आणि पेडलचा प्लग काढून ठेवा, दोन्ही चालू ठेवू नका. जोडणी मशीन कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरकडून करा. स्पिंडल फिरताना बटण चालत नाही ना, हे त्याच्यासमोर तपासा. जड कास्टिंग त्याला देऊ नका. लांब सायकलचे (एकदा लावले की मशीन बराच वेळ चालतं असे) शाफ्ट द्या आणि मागे उंच, टेकून उभं राहता येईल असा स्टूल. पहिले पंधरा दिवस फक्त दिवसपाळी.