रविवारचं हिमवादळ आणि एडिसनमधले आई-बाबा

नाशिकहून, इंदिरानगर

सप्रेम नमस्कार मंडळी,

मी आता नाशिकला असते, पण आपल्या मेलच्या यादीवरून नाव काढलेलं नाही, म्हणून हक्काने विचारते. माझा दादा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आई-बाबा डिसेंबरपासून त्याच्याकडे आहेत, घरात चार महिन्यांचं बाळ आहे. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली, आई इन्सुलिनवर. रविवारच्या वादळाचा अंदाज काल बारा इंच बर्फाचा होता, आज कुणी तीन म्हणतंय, कुणी अठरा. दादा म्हणतो, आकडा पक्का होऊ दे, मग बघू. वहिनीला आजच सगळं भरून ठेवायचंय. दोघांची त्यावरून वादावादी झाली आणि आईने मला फोन केला. इथून मी काय सांगू? गॅसचं हीटिंग आहे, तेव्हा थंडीची काळजी नसावी असं मला वाटतं. चूक असेल तर सांगा.

नाशिकहून, गंगापूर रोड

अगं, वयाने मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते. आम्ही निवृत्तीनंतर नाशिकला परतलो, त्याआधी संसार सगळा न्यू जर्सीत झाला. तुझ्या वहिनीचं बरोबर आहे. आकडा शनिवारी रात्रीपर्यंत पक्का होणार नाही, कदाचित रविवारी दुपारीही नाही.

कारण सांगते. ही वादळं किनाऱ्याला धरून समुद्रावरून उत्तरेकडे सरकतात. समुद्राकडची हवा उबदार, आतली गार. वादळाची वाट पन्नास मैल इकडेतिकडे झाली की एका गावात फूटभर बर्फ आणि शेजारच्या गावात नुसता पाऊस. एडिसन नेमकं त्या सीमेवर येतं. जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कला दोन ते तीन फुटांचा इशारा होता, सबवेसुद्धा बंद केली होती. सेंट्रल पार्कमध्ये पडला ९.८ इंच. लोक हवामान खात्यावर चिडले, पण त्याच वादळाने पूर्वेकडच्या लाँग आयलंडवर दोन फूट बर्फ टाकला होता. वादळ खोटं नव्हतं, थोडं पूर्वेला सरकलं होतं.

म्हणून दादाला म्हणावं, इंच मोजत बसू नकोस. दोन दिवस वीज गेली तर हे घर कसं चालेल, एवढंच ठरव. वीज जायला फार बर्फ लागत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये झाडांवर पानं असतानाच ओला, जड बर्फ पडला, फांद्या तारांवर कोसळल्या, आणि तीस लाखांहून जास्त घरं अंधारात गेली. आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी वीज आली. घरात म्हातारी माणसं असली की ते पाच दिवस फार लांब वाटतात.

आणि गॅसचं हीटिंग म्हणून निर्धास्त राहू नकोस. फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, गॅसवर जळली तरी पेटायला आणि गरम हवा खेळवायला तिला वीजच लागते. वीज गेली की घर हळूहळू गार पडतं. स्वयंपाकाचा गॅस असेल तर वरचे बर्नर काडीने पेटतात, पण त्यावर स्वयंपाकच करायचा, खोली तापवायची नाही. ओव्हन तर उघडून ठेवायचाच नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. आपल्याकडे थंडीत शेगडी पेटवून बसायची सवय आहे. निफाडला पारा उतरला की द्राक्षबागांमध्येही रात्रभर शेकोट्या पेटतात, त्यामुळे निखारे म्हणजे ऊब हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण ती उघड्यावरची गोष्ट. अमेरिकेतली घरं घट्ट बंद असतात. कोळशाची ग्रिल घरात किंवा गॅरेजमध्ये पेटवली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. जनरेटर आणलाच तर तो घराबाहेर, निदान वीस फूट लांब, आणि त्याचा धूर दारं-खिडक्यांकडे येणार नाही असा. भिंतीतून बाहेर आलेल्या फर्नेसच्या नळ्या बर्फाने बुजू द्यायच्या नाहीत. गाडी सुरू करून आत बसायचं असेल तर आधी मागचा एक्झॉस्ट मोकळा करायचा. हा वायू ओळखून वाजणाऱ्या डिटेक्टरची बॅटरी आजच तपासायला सांग. हे आई-बाबांना नीट बसवून, कारणासकट सांगितलं पाहिजे. दादा-वहिनी घरी नसताना खोली गार पडली, तर तेच काहीतरी पेटवायला जातील.

बाबांना फावड्याला हात लावू देऊ नका. पोरगा एकटा राबतोय म्हणून ते उठतील, मला माहीत आहे आपली माणसं. ओला बर्फ उचलताना हृदयावर एकदम ताण येतो, त्यात गार हवेने रक्तवाहिन्या आकसतात. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने ते काम करायचंच नाही. गल्लीतला एखादा मुलगा आत्ताच ठरवून ठेवा.

औषधं मोजा. भारतातून नेलेल्या गोळ्या संपल्या तर तिकडे तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. वीज गेली की लोक जिन्नस खिडकीत किंवा बाहेर बर्फात ठेवतात, इन्सुलिन तसं ठेवू नका. एकदा गोठलं की ते टाकूनच द्यायचं. फ्रिज उघडला नाही तर चार तास टिकतो, भरलेला फ्रीझर दोन दिवस. पाणी माणशी रोज चार लिटर धरा. खायला पोहे, मेतकूट, खाकरे, लाडू. वहिनीने भाजणी नेली असेल तर थालीपीठं शनिवारीच लावून ठेवावीत.

बाळाला आजी गोधडीत गुंडाळेल. कडेवर असताना गुंडाळू दे, पण झोपताना पाळण्यात सुटं पांघरूण नको, कपड्यांचे थर वाढवा.

नळांचं थोडक्यात: बाहेरच्या भिंतीलगतचा नळ बारीक धारेने चालू, सिंकखालची कपाटं उघडी, थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली नाही. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक हवं.

न्यू जर्सीहून

काकूंनी सगळं लिहिलंय, एकच जोडतो. घर गार पडायला लागलं तर कुठे जायचं हे रस्ते बंद व्हायच्या आधी ठरवा. आमच्याकडे लाकडाची फायरप्लेस आहे, धुराडं यंदाच साफ करून घेतलंय. ताई, भावाला माझा नंबर खासगी मेलने पाठवतो. हवामान खात्याच्या इशाऱ्यांत वॉच म्हणजे निम्मी शक्यता, वॉर्निंग म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या आसपास. वॉर्निंग लागली आणि घरात गारठा जाणवायला लागला तर त्यांनी विचार करत बसू नये, आई-बाबांना आणि बाळाला घेऊन सरळ यावं.

नाशिकहून, इंदिरानगर

काकू आणि न्यू जर्सीचे दादा, मनापासून आभार. मेल माझ्या दादाला वाचून दाखवला. तो आत्ता औषधं आणि बॅटऱ्या आणायला गेलाय, वहिनी भाजणी मळतेय. मुख्य कॉक तळघरात सापडला, त्याला लाल फीत बांधलीय. बाबांशी फावड्याचं मी बोलले. ते रागावले, पण कबूल झाले.

वादळात सगळ्या नातेवाइकांनी तिकडे फोन करून बॅटरी संपवू नये म्हणून मी नाशिकची निरोप्या. दादा तिकडच्या सकाळी आठला आणि रात्री आठला मला एक ओळ पाठवेल, म्हणजे इकडे संध्याकाळी साडेसहा आणि पहाटे साडेसहा. बाकीच्यांना मी कळवेन. एक ओळ चुकली तर न्यू जर्सीच्या दादांना फोन करणार आहे, चालेल ना?