डग्गा पोकळ येतोय त्याबद्दल
दादा, नवा कंडेन्सर माइक घेऊनही रेकॉर्डिंगमध्ये डग्गा पोकळ येतोय म्हणताय ना, तर माइक बदलायच्या आधी फेज बघा, म्हणजे दोन माइकांच्या लहरी एकत्र वर-खाली होतायत की एकमेकींच्या उलट. आमच्या इंदूरात राजवाड्याजवळच्या स्टुडिओत परवा ख्यालाचं सेशन होतं, तबल्यावर एक नि डग्ग्यावर एक माइक, दोघांच्या लहरी एकमेकींना कापत होत्या, प्रीअँपवर (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारं यंत्र) एकाचं फेज उलटं करायचं बटण दाबलं आणि घुमारा लगेच परत! तबलजी पण हसायला लागले. आणि हो, तिथे नवा रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) आलाय, सारंगीला तर विचारूच नका, किरकिर अजिबात नाही, गेन, म्हणजे सिग्नल वाढवणं, मात्र भरपूर लागतो. जुना रिबन असेल तर ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे केबलमधून माइकला जाणारी वीज, आधी बंद करा, केबल खराब असली की आतली पट्टी जाते, मग बसा खर्च करत. एसीपण बंद ठेवा, तानपुऱ्यात तोच घुसतो.