मेळघाटातला साग लावलेला की आपोआप आलेला?

भटकी_अमरावतीकर: मागच्या आठवड्यात सेमाडोह-कोलकास केलं. सिपना नदीच्या काठाने जाताना लेक म्हणाली, "आई, हे जंगल आहे की बाग?" सगळा सागच, जवळजवळ एकाच जाडीचा. काही ठिकाणी एका बुडातून दोन-तीन खोडं. कुणी लावलाय का हा? आणि रस्त्याकडेचा पट्टा मुद्दाम जाळलेला का असतो?

परतवाडेकर: ती जाळरेषा. १५ फेब्रुवारीच्या आत पट्टा जाळून साफ करतात, म्हणजे उन्हाळ्यात वणवा आला तर तिथे अडतो.

निवृत्त_वनरक्षक: ताई, लेकीचा प्रश्न फार चांगला आहे. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग, तेव्हा साग इथलाच. पण तुम्ही पाहिलेलं जंगल माणसाच्या हातून गेलेलं आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १८६०च्या दशकात इथलं जंगल राखीव व्हायला लागलं. पुढे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे, पाडून पाळीपाळीने तोड झाली. मजूर हाताशी असावेत म्हणून वनग्रामं वसवली.

झाड ओळखायचं तर बुडाशी बसा. ओळीत असेल तर रोपवन, म्हणजे लावलेला. दोन-तीन खोडं एकत्र असतील किंवा बुडाशी बाक असेल, तर तो तोडलेल्या खुंटाचा फुटवा. आगीचाही हात आहे. वणव्यात सागाचं रोपटं वरून जळतं, पण मूळ जिवंत राहतं आणि पावसाळ्यात पुन्हा फुटतं. इतर बऱ्याच झाडांना ते सागाइतकं जमत नाही.

माझ्या मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. १९८०च्या सुमारास मी नवा होतो. आमच्या कुपात तोडायच्या झाडांवर हातोड्याने खुणा करायला गेलो की वाकडी, पोकळ झाडं आधी धरायची, ती लाकडाच्या कामाची नाहीत म्हणून. मीही हातोडा मारला. एका जुन्या मोहाच्या ढोलीतून पोपट उडाले होते, तरी मारला.

मग १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा, म्हणजे एक लहान घुबड, दिसला. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. पुढे तो मेळघाटातही सापडला. हा पक्षी दिवसाढवळ्या सागाच्या उघड्या फांदीवर बसतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके दाट असतात, याचं डोकं जवळजवळ सपाट तपकिरी. आणि घरटं करतो ढोलीत! म्हणजे आम्ही निरुपयोगी म्हणून काढत होतो तेच त्याचं घर.

भटकी_अमरावतीकर: काका, वाचून गलबलून आलं. आता ती झाडं राखतात ना?

निवृत्त_वनरक्षक: राष्ट्रीय उद्यानात आता तोड नाही. पण ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं, आणि तुम्ही पाहिलेले फुटवे अजून तरणे आहेत. बाहेरच्या जंगलात किंवा शेताच्या बांधावर पोकळ झाड दिसलं तर "वाळलंय, पाडा" म्हणणाऱ्याला थांबवा. पुढच्या वेळी लेकीला सप्टेंबरात आणा. अळ्या सागाची पानं खाऊन नुसती जाळी ठेवतात. पान हातात धरून आकाशाकडे बघायला सांगा. पिंगळ्याची हाक ऐकायची असेल तर सकाळी लवकर या आणि गाडी बंद करून थांबा.