४५ दिवसांचा कायदा आणि अडकलेली बिले: सरकार कमी पडले का?

भोसरीचा लघुउद्योजक
लघुउद्योगांसाठी आपण काय केले हे सांगताना केंद्र सरकार मुद्रा योजनेचे आणि २०२० च्या तातडीच्या कर्जहमी योजनेचे आकडे पुढे करते. हे सगळे कर्जाचे आकडे आहेत. आमची अडचण मात्र केलेल्या कामाचे पैसे हाती न पडण्याची आहे. मी टर्निंग-मिलिंगची जॉबवर्क करतो. माल ग्राहक कंपनीच्या गेटमधून आत गेला की बिल होते आणि पुढील महिन्याच्या २० तारखेला त्यावरचा जीएसटी मला पदरचा भरावा लागतो, मग त्या बिलाचे पैसे चार महिन्यांनी का येईनात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने पुरवठादाराचे पैसे चुकते करण्यास कमाल ४५ दिवसांची मुदत घातली असताना ती पाळून घेण्यात सरकार अपयशी ठरले, असे म्हणणे अन्यायाचे होईल का?

करसल्लागार, नाशिक
अन्यायाचे मुळीच नाही. कागदावर हा कायदा कडक आहे: उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. परंतु ते मागण्यासाठी पुरवठादाराने स्वतः राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, तक्रार करायची असते, आणि ज्याच्या एकाच ऑर्डरवर आपले यंत्र चालते त्याच्याविरुद्ध तक्रार करणारा माझ्या अशिलांमध्ये तरी विरळाच. कौन्सिलने ९० दिवसांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. तसे घडलेले मी क्वचितच पाहिले आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराच्या ४३बी कलमात भर घालून मुदतीत न दिलेल्या रकमेची खरेदीदाराला करपात्र उत्पन्नातून मिळणारी वजावट प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षापर्यंत लांबवली, हे पाऊल योग्यच होते. मात्र एप्रिलचे बिल फेब्रुवारीपर्यंत रखडवून ३१ मार्चपूर्वी चुकते केले, तर खरेदीदाराची वजावट शाबूत राहते. पळवाट म्हणावी इतकीही ती लपलेली नाही.

निवृत्त बँक अधिकारी
आपण दोघेही एक बाजू सोडत आहात. टाळेबंदीनंतर कर्जहमी नसती, तर खेळत्या भांडवलाअभावी अनेक कारखाने बंदच पडले असते. शिवाय बिले वटवण्यासाठी, म्हणजे खरेदीदाराने मंजूर केलेल्या बिलावर बँकेकडून आधीच पैसे घेण्यासाठी, ‘ट्रेड्स’ हा ऑनलाइन मंच उपलब्ध आहे आणि २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथे नोंदणी सक्तीची करण्यात आली आहे.

करसल्लागार, नाशिक
कर्जहमीचे श्रेय मान्य आहे. ट्रेड्सबाबत मात्र, २०२४ च्या त्या अधिसूचनेने सक्ती केली ती नोंदणीची, व्यवहाराची नव्हे. खरेदीदाराने बिल मंजूरच केले नाही, तर बँक ते वटवणार कशी?

घाऊक व्यापारी, सोलापूर
आमचा तर विचारच झालेला नाही. जुलै २०२१ मध्ये घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीत, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीत, घेतले, त्याचा गाजावाजा झाला. पण तो लाभ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच, म्हणजे बँकांनी ठरावीक क्षेत्रांना द्यायच्या कर्जापुरताच, ठेवला. ४५ दिवसांचे संरक्षण आम्हाला लागू नाही. म्हणजे पुन्हा कर्जच.